डावऱ्या पेंटरचे दहा दिवस

जामखेडच्या आमच्या वाचनालयात सकाळी साडेआठला पेपर येतात आणि आठ पस्तीसला भांडणं सुरू होतात. एकाच पुरवणीचं एकच पान दोन निवृत्त शिक्षकांना एकाच वेळी हवं असतं. मी तिथे अठ्ठावीस वर्षं ग्रंथपाल होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण माझ्या जागेवर अजून कोणी आलेलं नाही, म्हणून जाते. आमच्या घरातून छप्पन साली देव गेले आणि त्या कोनाड्यात पुस्तकं आली. वाचनालयात जाणं हे मला घरातून घरातच गेल्यासारखं वाटतं.

या भांडणात कधीही न पडणारा एक वाचक होता. तो खिडकीजवळ बसून कालचा पेपर वाचायचा.

"आजचा घ्या की," मी एकदा म्हटलं.

"कालच्याला कुणी मागत न्हाई, मॅडम. निवांत वाचता येतो. बातम्या त्याच असत्यात."

तो पेंटर होता. सगळं गाव त्याला पेंटरच म्हणे, म्हणून मीही तेच म्हणते. वय पस्तिशीच्या आसपास. ट्रकच्या मागची अक्षरं, दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, सगळं तो डाव्या हाताने काढायचा आणि फार सुंदर काढायचा. मग फ्लेक्स आले. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चेहरा चांगला म्हशीएवढा असतो आणि अक्षरांना कोणी विचारत नाही. पेंटर चौकात उभा राहून ते फ्लेक्स बघायचा आणि मान हलवायचा. "ह्या उकाराला पोटात कळ आलीय, मॅडम," तो म्हणायचा.

सहा वर्षांपूर्वी तो सिमेंटच्या जाहिरातीसाठी भिंत रंगवताना परांचीवरून पडला. कंबर दुखावली. एका कंपाउंडरने दुखण्याचं इंजेक्शन दिलं. कंबर तीन महिन्यांत बरी झाली. इंजेक्शन सहा वर्षं चाललं. पुढे कंपाउंडरचीही गरज उरली नाही, पेंटर स्वतःच टोचायला शिकला. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. गावाला माहीत असलं की गावाचं काम संपतं.

डावरा माणूस टोचणार उजव्या हातात, म्हणून उजव्या हाताच्या शिरा आधी संपल्या. मग त्याने डावा हात पुढे केला आणि टोचण्याचं काम उजव्याकडे दिलं. त्या हाताने त्याला चहाचा कपही धड धरता येत नव्हता. व्हायचं तेच झालं.

एप्रिल महिना होता. पेंटर शाल पांघरून वाचनालयात आला आणि आपल्या जागेवर बसला. थोड्या वेळाने दोन्ही निवृत्त शिक्षक पुरवणी टेबलावर टाकून उठले आणि दुसऱ्या खोलीत गेले. अठ्ठावीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. मी जवळ गेले तेव्हा मलाही वास आला.

"शाल काढा," मी म्हटलं.

कोपरापासून मनगटापर्यंत हात सुजून लाल झाला होता आणि कातडी ताणून चकाकत होती. बोटं मिटत नव्हती.

"दवाखान्यात चला."

"न्हाई."

"का?"

"दवाखान्यात मी लई वेळा गेलोय, मॅडम. चालत एकदा बी न्हाई गेलो."

मग त्याने सगळं सांगितलं, पेपर वाचून दाखवल्यासारखं, आवाज न चढवता. कधी स्टँडवर पडला म्हणून लोकांनी उचलून नेलं, कधी रस्त्याच्या कडेवरून रुग्णवाहिकेने. तातडीच्या कक्षात गालावर चापट्या, सलाईन, 'नाव काय, नाव काय'. सगळ्यांत शेवटचा कोपरा. येणारा-जाणारा प्रत्येकजण उपदेश करून जाणार, अगदी फरशी पुसणारासुद्धा. दुसऱ्या दिवसापासून अंग मागायला लागायचं. पोटात पिळा, नाका-डोळ्यांतून पाणी, पाय जागेवर ठरायचे नाहीत. त्याला कोणी काही द्यायचं नाही, कारण ते दुखणं धरतच नसत. मग हा सलाईन काढून बाहेर.

"पाच टायमाला ॲडमिट झालो. पाची टायमाला पळालो. आता गेलो तर हात कापत्याल."

"आणि नाही गेलात तर?"

त्याने थोडा विचार केला. "तरी कापत्याल. पर उचलून नेल्यावर."

"मग या वेळी चालत चला. निदान स्वतः आलात असं तरी दिसेल."

हे त्याला का पटलं मला माहीत नाही. बहुतेक तापामुळे.

तालुक्याच्या डॉक्टरांनी हात बघितला, लगेच चिठ्ठी लिहिली आणि रुग्णवाहिकेतून आम्हाला पुढच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. तो दवाखाना कोणता ते लिहीत नाही. त्या गावात माझी धाकटी बहीण राहते, म्हणजे माझ्या मुक्कामाची सोय होती.

केसपेपरच्या खिडकीतल्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, "नातेवाईक कोण?"

"मी आणलंय यांना."

"आणलंय ते दिसतंय. नातं काय?"

"वाचनालयात येतात ते."

"वाचक असं नातं न्हाई बसत ह्याच्यात." त्यांनी आता वर बघितलं. माझे पांढरे केस बघितले. "मावशी लिहितो. सही करा."

ज्यांना सरकारी दवाखान्याची सवय नाही त्यांना सांगायला हवं की तिथे नातेवाईकाशिवाय माणूस भरती होत नाही. रक्ताची बाटली तपासणीला पळवायची, गरम पाणी आणायचं, सलाईन संपत आलं की सिस्टरना सांगायचं, चादर मागायची आणि चादर नाही हे ऐकून घ्यायचं, ही सगळी नातेवाईकाची कामं. डॉक्टर उपचार करतात. दवाखाना नातेवाईक चालवतात. पेंटरची बहीण दूर होती आणि बोलत नव्हती. आई-वडील गेले होते. यापूर्वीच्या पाच खेपांना त्या कागदावर नातेवाईकाच्या जागी काय लिहिलं होतं कोण जाणे.

वॉर्डाच्या सिस्टर पन्नाशीच्या होत्या, जाड भिंगाचा चष्मा आणि बाजारातून ऐकू येईल असा आवाज. त्यांनी पेंटरच्या उजव्या हातावर तीन वेळा सुई टोचली. शीर लागेना.

"थांबा, सिस्टर," पेंटर म्हणाला. "तिथं काय न्हाई. ते सगळं बुजलंय."

"मग कुठंय?"

"उजव्या पायाला. घोट्याच्या वर, आतल्या अंगाला. ती मी ठेवली हुती."

"कशाला ठेवली होतीस?"

"अशाच टायमाला."

सिस्टरनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि पायाकडे वळल्या. पहिल्या टोचणीत लागली.

"इतकं कळतं तर नर्सिंगला का नाही गेलास रे?"

"बारावीला इंग्रजी ऱ्हायलं."

त्याच संध्याकाळी तरुण सर्जन डॉक्टरांनी हात उघडून पू काढला. बाहेर येऊन ते माझ्याशी बोलले. माणूस दमलेला होता, पण सरळ होता.

"खोलवर गेलंय. दहा दिवस शिरेतून औषध आणि रोज ड्रेसिंग. दहा म्हणजे दहा. हे लोक दुसऱ्या दिवशी पळतात. हा पळाला तर पुढच्या वेळी मी हाताचं बघणार नाही, जिवाचं बघीन."

"का पळतात?"

"नशेसाठी."

"त्यासाठी तुम्ही काय देता?"

त्यांनी केसपेपर परत चाळला. मग म्हणाले, "गोळी असते. जिभेखाली ठेवायची. पण ती मानसोपचाराच्या डॉक्टरांनी लिहायला लागते, आणि ते मंगळवारी येतात."

त्या दिवशी गुरुवार होता.

"फोन करून विचारता येईल?"

हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नसावा. नातेवाईकच नसतील तर विचारणार कोण? "सकाळी करतो," ते म्हणाले, आणि खरंच केला.

शेजारच्या खाटेवर खर्ड्याचे एक शेतकरी होते. साखरेचा आजार आणि पायाला बाभळीचा काटा. त्यांच्या उशाशी त्यांची बायको पंधरा दिवस मुक्काम ठोकून होती, म्हणजे वॉर्डातल्या सगळ्या नातेवाइकांत ती ज्येष्ठ. कोणत्या नळाला पाणी येतं, कोणत्या पंख्याखाली ऊन येतं, कोणते डॉक्टर सहीला कटकट करतात, सगळं तिच्याकडे. तिला सगळे काकू म्हणायचे. तिने पहिल्याच सकाळी पेंटरची उलटतपासणी घेतली.

"काय रं, कशापायी टोचून घेतो?"

"कंबर दुखत हुती, काकू."

"माझी चाळीस वर्सं दुखती. मी न्हाई टोचली ती."

"तुमाला कंपाउंडर भेटला न्हाई."

काकू हसली आणि तिने त्याच्यापुढे अर्धी भाकरी सरकवली. त्याने ती खाल्ली नाही. शुक्रवारी सकाळी त्याला जांभयांवर जांभया येत होत्या, एका मागोमाग एक, डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या. एप्रिलच्या उकाड्यात अंगावर काटा, आणि घामही. पाय पोटाशी घ्यायचा, सोडायचा, परत घ्यायचा.

"मॅडम, मी जातो."

"गोळी लिहून झालीय. आणते."

"कवा?"

"आत्ता."

औषध भांडाराच्या दाराला कुलूप होतं आणि कुलपाखाली कागद: 'कार्यक्रमास गेले आहेत'. शेजारच्या खिडकीतल्या बाईंनी सांगितलं की साधी औषधं त्या देतील, पण ही गोळी वेगळ्या कपाटात असते, त्याची किल्ली फार्मासिस्टांच्या खिशात, आणि फार्मासिस्ट सभागृहात.

"कसला कार्यक्रम आहे?"

"व्यसनमुक्तीचा," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. त्या गंमत करत नव्हत्या.

सभागृह आवारातच होतं. दारात नशेच्या राक्षसाचा पुतळा, त्याच्या गळ्यात झेंडूची माळ. राक्षसाला माळ कोणी घातली असेल याचा मी विचार करत राहिले. आत पंखे, गर्दी, व्यासपीठावर सात खुर्च्या आणि सहा मान्यवर. फार्मासिस्ट माईकवर होते. प्रत्येक कचेरीत एक माणूस असा असतो की ज्याचा आवाज चांगला असतो, आणि त्याचं आयुष्य सूत्रसंचालनात जातं. हे मूळचे पुणतांब्याचे, बोलणं गोड, चारोळ्या तोंडपाठ.

मी बाजूच्या दाराने लगबगीने व्यासपीठाकडे निघाले. ही माझी चूक झाली. आपल्याकडे पांढऱ्या केसांची, इस्त्रीच्या सुती साडीतली, चष्मेवाली बाई घाईघाईने व्यासपीठाकडे आली की तिला कोणीही अडवत नाही. तिला खुर्ची देतात. एका कार्यकर्त्या मुलीने माझा दंडच धरला.

"या ना, मॅडम. तुमचीच वाट बघत होतो. गाडीला उशीर झाला का?"

"मला फार्मासिस्टांशी बोलायचंय."

"बोलाल की, आधी बसा तर."

मी सातव्या खुर्चीत बसले. कोणी तरी थोर समाजसेविका बाहेरगावाहून यायच्या होत्या आणि आल्या नव्हत्या. मी उठायला गेले तोवर फार्मासिस्टांनी माईकवर माझं स्वागत सुरू केलं. ज्यांनी व्यसनाधीन तरुणांसाठी आपलं अवघं आयुष्य वेचलं वगैरे. माझ्या खांद्यावर शाल आली. हातात नारळ आला. आमच्या घरी नारळ फक्त चटणीला लागतो. फोटोवाल्याने "इकडे बघा" म्हटलं आणि मी बघितलं, माणूस बघतोच.

फार्मासिस्ट हार घेऊन जवळ आले तेव्हा मी हळूच म्हटलं, "किल्ली."

"काय?"

"गोळ्यांच्या कपाटाची किल्ली. वॉर्डात पेशंट आहे. मी त्या बाई नाही."

ते पांढरेफटक पडले. "पण आता सत्कार झाला."

"तो राहू द्या. तुम्ही चला."

"आता पाहुण्यांचं भाषण. मध्येच कसं उठायचं? आभार मलाच मानायचेत."

मुख्य पाहुणे उठलेच होते. मी फार वेळ घेणार नाही, असं ते म्हणाले, आणि सभागृहातले अनुभवी लोक खुर्चीत खाली सरकून बसले. पाहुण्यांनी आधी स्वतःच्या बालपणाची हकीगत घेतली. फार्मासिस्ट माझ्या शेजारी येऊन बसले.

"तो पळाला तर हात जाईल त्याचा," मी पुढे बघतच म्हटलं. "पेंटर आहे. डावरा. गेला तर डावाच जाईल."

पाहुणे पाचवीत गेले. फार्मासिस्टांनी घड्याळ बघितलं, खिसा चाचपला, कार्यक्रमपत्रिकेच्या मागे 'आभार तुम्ही माना' असं लिहून ती शेजाऱ्याकडे सरकवली आणि उठले. नोकरीत असलेल्या माणसाने भर भाषणात व्यासपीठावरून उठायचं, तेही मुख्य पाहुण्यांच्या समोरून, याला काय लागतं हे ज्याने नोकरी केली त्यालाच कळेल. ते कमरेत वाकून निघाले, आणि मीही वाकून मागोमाग, शाल आणि नारळ सांभाळत. पाहुणे क्षणभर थांबले. दोन मान्यवर एकदम निघून जाण्याचा प्रसंग त्यांच्यावर पूर्वी आला नसावा.

बाहेर आल्यावर फार्मासिस्ट जवळजवळ धावत होते. "बाहेरून येणाऱ्यांना मी ही गोळी रोज देतो," ते म्हणाले. "वॉर्डातून कागद क्वचित येतो. आणि कागद येईपर्यंत पेशंट गेलेला असतो." त्यांनी कपाट उघडलं, गोळी काढली, रजिस्टर काखेत मारलं, आणि आम्ही वॉर्डात पोचलो.

खाट रिकामी होती. सलाईनची नळी खाली लोंबत होती आणि थेंब थेंब फरशीवर पडत होते.

"गेला," काकू म्हणाली. तिच्या आवाजात काही घाई नव्हती. "सिस्टर पलीकडं गेल्या तवर काढून टाकली नळी. पर लांब न्हाई जायाचा."

"कशावरून?"

काकूने आपली पिशवी उघडून दाखवली. आत पेंटरच्या चपला होत्या.

"सकाळीच उचलून ठिवल्या. आमचं मालक बी पयल्या हप्त्यात दोनदा पळालं हुतं. त्यास्नी म्हशीचं येड, ह्याला सुईचं. दवाखान्यातनं पळणारा माणूस मला वळखू येतो."

मालकांनी खाटेवरून मान डोलावली. म्हैस गाभण होती, असं त्यांचं म्हणणं पडलं.

आम्ही बाहेर धावलो. दुपारचे साडेबारा. पोर्चपासून फाटकापर्यंत डांबर, आणि डांबरावरून वाफा. मध्यावर एक कडुनिंब आहे, त्याची सावली चटईएवढी. त्या सावलीत पेंटर उभा होता, एका पायावर, मग दुसऱ्या पायावर. तिथपर्यंत तो उड्या मारत आला होता. पुढे फाटकापर्यंत सावली नव्हती, आणि मागे फिरायलाही तेवढंच ऊन. हाताचं बँडेज छातीशी धरलं होतं आणि नाक गळत होतं.

"माझी चप्पल कुणी नेली, मॅडम?"

"दवाखान्यात चोऱ्या फार होतात," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "ही शाल कसली?"

"सत्कार झाला."

"कशापायी?"

"तुमच्यापायी."

तो हसायला लागला. हसता हसता झाडाच्या बुंध्याशी ओकला, तोंड पुसलं आणि परत हसला. फार्मासिस्टांनी त्याला चूळ भरायला पाणी दिलं, जिभेखाली गोळी ठेवायला लावली आणि बजावलं, "गिळायची नाही. बोलायचं नाही. विरघळू द्यायची." मग रजिस्टर झाडाला टेकवून माझी सही घेतली. दहा मिनिटं आम्ही तिघे त्या चटईएवढ्या सावलीत अगदी चिकटून उभे होतो, आणि तिघांतला एकही बोलत नव्हता. सभागृहातून पाहुण्यांचा आवाज येत होता. ते आता कॉलेजात पोचले होते.

मग काकू चपला घेऊन आली. "सापडल्या बग," ती पेंटरला म्हणाली. "खाटंखालीच हुत्या."

तासाभराने जांभया थांबल्या. संध्याकाळी त्याने भाकरी खाल्ली, चटणीही मागितली. चटणीला माझ्याकडे नारळ होताच.

त्याआधी, दुपारीच, पाहुण्यांची फेरी वॉर्डात आली, फळवाटपाला. येण्याआधी एक साहेब पुढे आले आणि पेंटरच्या खाटेकडे बोट दाखवून सिस्टरना म्हणाले, "ह्याला तेवढा वेळ बाहेर व्हरांड्यात घ्या."

"का?"

"बरं नाही दिसत, आजच्या दिवशी."

"तो माझा पेशंट आहे," सिस्टर म्हणाल्या, त्यांच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे जिन्यावरून येणाऱ्या पाहुण्यांनाही ऐकू गेलं. "केळी वाटायची तर त्यालापण वाटा. नाहीतर वॉर्डात येऊ नका, इन्फेक्शन होतं."

पाहुण्यांनी पेंटरला दोन केळी दिली आणि विचारलं, "यांना काय झालंय?"

"हात," सिस्टर म्हणाल्या.

"काळजी घ्या हाताची," पाहुणे म्हणाले. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. "अरे, तुम्ही! भाषण अर्धवट सोडून थेट रुग्णसेवेत! याला म्हणतात तळमळ." त्यांनी मला नमस्कार केला. मीही केला. फोटो निघाला. खऱ्या समाजसेविका चार वाजता आल्या आणि चहा पिऊन गेल्या, असं कळलं.

पुढचे दिवस सोपे होते असं नाही. पाचव्या दिवशी तो सगळ्यांवर उखडला, माझ्यावर सर्वांत जास्त. "तुमाला काय, पुस्तकं वाचून शानपन येतं," म्हणाला. मी वाचायला नेलेलं पुस्तक उघडून बसले आणि तासभर पान उलटलं नाही. सहाव्या दिवशी गोळी अपुरी पडते असं फार्मासिस्टांना वाटलं. त्यांनी स्वतः मानसोपचाराच्या डॉक्टरांना फोन लावून वाढवून घेतली. सफाईवाल्याने पेंटरला गर्दुल्ला म्हटलं आणि काकूने त्याला सुनावलं की, "त्याला पेंटर म्हन. म्हनायचं नसंल तर मुकाट झाडू मार." आठव्या दिवशी काकूच्या मालकांना सुट्टी झाली. जाताना काकू पेंटरला म्हणाली, "आता चप्पल तुझी तूच सांभाळ." खर्ड्याला पोचल्यावर तिने फोन करून सांगितलं की म्हैस व्यायली.

शेवटचे दोन दिवस त्याच्यावर नजर ठेवायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं, आणि मी बहिणीकडे आंघोळीला जायचेच. परत येताना रोज जिन्यात माझी पावलं हळू व्हायची. दोन्ही वेळा तो खाटेवर होता. एकदा झोपलेला, एकदा कालचा पेपर वाचत.

दहा दिवस पुरे झाले तेव्हा डॉक्टरांनी पट्टी सोडली. जखम लाल होती, स्वच्छ होती. मी आणि सिस्टर दोघी वाकून बघत होतो.

"मूठ करा," डॉक्टर म्हणाले.

अंगठा मिटला. पहिलं बोट मिटलं. मधलं जरा थांबून मिटलं. चौथं अर्ध्यावर आलं आणि करंगळी ताठ उभी राहिली.

"जोर करा."

करंगळी हलली नाही. डॉक्टर म्हणाले, व्यायाम केला तर येईल कदाचित, कदाचित नाही. "पण हात आहे," ते म्हणाले, आणि त्यांनाच थोडं नवल वाटल्यासारखं दिसलं.

पेंटरने त्यांच्या खिशातलं पेन न विचारता काढलं, तीन बोटांत धरलं आणि हवेत एक वेलांटी काढली, वरून खाली, शेवटाला झोकदार. मग तीच परत काढली, जरा सावकाश.

"ब्रशला तीनच लागत्यात," तो म्हणाला. "ही दोन आता बसून खातील."

गोळी रोज घ्यायची, फार्मासिस्टांसमोर, सकाळी नऊला. बंद केली तर सगळं पहिल्यापासून, असं डॉक्टरांनी त्याला दोनदा सांगितलं. त्याने दवाखान्यामागच्या गल्लीत एका गॅरेजवाल्याकडे राहायचं आणि टेम्पोचे नंबर टाकायचं ठरवलं. ठरवणं सोपं असतं, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी दुपारच्या एसटीने जामखेडला आले.

दुसऱ्या दिवशी नऊला फार्मासिस्टांना फोन केला. आला नव्हता. साडेनऊला केला. आला नव्हता. वाचनालयात पुरवणीवरून भांडण चाललं होतं आणि मला ते ऐकूही येत नव्हतं. पावणेदहाला फोन आला.

"आले," फार्मासिस्ट म्हणाले. "उशीर का म्हणून विचारलं, तर शर्टाची बटणं लावत बसलो होतो म्हणाले. तीन बोटांनी वेळ लागतो."

"लावली का सगळी?"

"वरचं एक राहिलं होतं. ते मी लावून दिलं. मग सही घेतली."